उकरडी बसलेला खड्डा

महायुद्धाच्या चौथ्या वर्षी, वैशाख संपत आला असताना, आमच्या घरामागच्या खताच्या खड्ड्यातून सकाळी धूर निघाला. खड्डा माझ्या धाकट्या काकूचा होता. त्यावर लग्नाची उकरडी बसवलेली होती, त्यामुळे त्याला कोणी हात लावला नव्हता.

गाव नरडाणा आणि दोंडाईचा यांच्या मधले, रेल्वे स्टेशनापासून बैलगाडीने जायचे. मी त्या काळात धुळ्याच्या एका साप्ताहिकात काम करीत असे. कागद मिळेनासा झाला, मालकाने छपाई थांबवली, आणि फाल्गुनात मी घरी आलो. पुढे लिहिले आहे त्यातले बरेचसे मी स्वतः पाहिलेले आहे. जे पाहिले नाही ते कोणाकडून कळले, हे त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

घरात तीन भाऊ. थोरले माझे वडील. त्यांना सगळे आबा म्हणत. मधले नाना. धाकटे काका विषमज्वराने वारले, त्याला काही वर्षे झाली होती. त्यांच्या मागे काकू राहिली. मूलबाळ नव्हते. काका गेल्यावर आबांनी गावातली चार माणसे बसवून तिची सोय लावून दिली: राहायला एक खोली, एक म्हैस आणि नदीकाठचा दोन बिघ्यांचा तुकडा. तुकडा तिने कसायचा, पीक तिचे. मात्र जमीन पडीत राहिली तर ती पुन्हा सामाईकात यायची, आणि मग काकूने दोन्ही घरांतून मिळेल ते धान्य घेऊन राहायचे. ही अट नानांनी घातली. आबांना ती रास्त वाटली.

तुकडा वाईट होता. एका पुराने वरची काळी माती धुऊन नेली होती आणि खालची पांढरी, चोपण जमीन उघडी पडली होती. पाऊस पडून ऊन आले की तिच्यावर कडक पापुद्रा धरे आणि कोंब आतल्या आत मोडत. आदल्या पावसाळ्यात काकूने बाजरी पेरली, ती वीतभर वाढली आणि पिवळी पडली. नानांनी तेव्हाच विषय काढला. आबा म्हणाले, "आजून एक पावसाया दखू." त्यांनी दिलेला तो शेवटचा पावसाळा होता. काकूला ते ठाऊक होते, कारण हे बोलणे तिला ऐकू जाईल अशाच बेताने झाले होते.

काकू आबांशी किंवा नानांशी थेट बोलत नसे. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरांसमोर तोंड उघडायचे नाही, अशी आमच्याकडे रीत होती. काही सांगायचे झाले की पदर पुढे ओढून ती दुसऱ्या कोणाला तरी सांगे आणि ते दोघे ऐकत. उत्तरही तसेच फिरून येई. तिघेही चार हातांच्या आत उभे असत.

युद्धामुळे सरकारने धान्य जास्त पिकवा असा धोशा लावला होता. थंडीच्या दिवसांत नरडाण्याच्या बाजारात शेतकी खात्याचा एक माणूस खत आंबवण्याची रीत दाखवायला आला. मी बातमीसाठी तिथे उभा होतो. पुढे गावी आलो तेव्हा काकूने मला बसवून सगळे विचारून घेतले. रीत अशी: खड्ड्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचा काला, त्यावर गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख, मग पाणी. असे थरावर थर. जुन्या कुजलेल्या खताचे विरजण मधूनमधून घालायचे. खड्डा तापला की ठरल्या वेळी तो उलटायचा, पुन्हा पाणी द्यायचे.

"उलटाले येय लागना तर?" काकूने विचारले.

त्या माणसाने बाजारात सांगितले होते तेच मी सांगितले. उशीर झाला आणि पाणी कमी पडले तर खत आतून जळते. राखेसारखे पांढरे होते. मग त्यात काही राम राहत नाही.

चैत्राच्या सुरुवातीला गोठ्याच्या पलीकडे, कुडाला लागून, खड्डा खणला गेला. काकूच्या हाती सामान थोडे होते. भावांच्या जनावरांचे शेण गोवऱ्यांना जाई, ते मागण्यात अर्थ नव्हता. तिने एका म्हशीचे शेण साठवले. कपाशीच्या पऱ्हाट्या गोळा करून गाडीवाटेवर पसरल्या, म्हणजे येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होईल. दोंडाईच्याहून सरकी घेऊन येणाऱ्या एका गाडीवानाने बैल थांबवून विचारले, "काकी, रस्तामा काटा पसरीसन कोनले पाडाना इचार शे?" काकू म्हणाली, "तुले नही भाऊ. तू हाकाल. आनि येतांना बी आठूनच ये."

विरजणाचा प्रश्न राहिला. घराचा जुना उकिरडा गोठ्याच्या अलीकडे, मोकळ्या जागेत होता. त्याच जागी नानांच्या मुलीच्या लग्नाचा मांडव पडायचा होता. लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, ठरले होते. नाना मला म्हणाले, "ती घान उचली लई जा म्हना तिले. मांडवले जागा व्हई." काकूने टोपलीने तो उकिरडा वाहिला आणि खड्ड्याच्या थरांत घातला. जागा साफ झाली. नानांनी तिथे पाणी मारून चोपून घेतले.

आठवड्याभरात खड्डा तापला. काकूने बाभळीची काठी आत खुपसून बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. टोकाला हात लावणे कठीण होते. "बसनं," ती म्हणाली. विरजण लागले की आमच्याकडे बायका दह्याबद्दल तसे म्हणतात. पहिल्यांदा उलटायची वेळ आखाजीच्या सुमारास येणार होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी माझी आत्या पाचोऱ्याहून आली. ती तिन्ही भावांहून मोठी. तिला लहानथोर सगळे अक्का म्हणत. घरातल्या लग्नाचे विधी तिच्या सांगण्यावर चालत.

आमच्या घराण्याचे मूळ गुजरातकडचे. तिकडून आलेली एक चाल तोपर्यंत टिकून होती. लग्नाआधी सुवासिनी गाणी म्हणत उकिरड्यावर जातात, हळदकुंकू वाहतात, सुपारी आणि गव्हाने भरलेली मातीची बोळकी त्यात पुरतात. याला उकरडी बसवणे म्हणतात. लग्न लागले की पुन्हा वाजतगाजत जाऊन तिला उठवतात. ती बसलेली असेपर्यंत त्या उकिरड्याला फावडे लावायचे नाही. विधवेने जवळ जायचे नाही. उकरडी मधेच उठवली तर लग्न मोडते, असे सांगत.

या वेळी बायका बोळकी घेऊन निघाल्या आणि मांडवाच्या दारात थांबल्या. उकिरडा नव्हता. कोणी म्हणाले, शेजाऱ्यांच्या उकिरड्यावर बसवा. कोणी म्हणाले, जुन्या जागीच बसवा, खाली थोडे तरी उरले असेल. हे सगळे मी ओसरीवरून ऐकले. अक्काने निकाल दिला.

"जुना उकल्डा जठे गया तठे उकरडी गयी. देवी काय मोकया जागावर बशी?"

बायका गोठ्याला वळसा घालून गेल्या आणि बोळकी काकूच्या खड्ड्यात पुरली. काकू रीतीप्रमाणे खोलीत दार लावून बसली होती. गाणी कोणत्या दिशेने गेली हे तिला आतून कळले. संध्याकाळी तिने अक्काला विचारले, "कवय उठाडशात तिले?"

"लगीन लागनं की. चार दिनमा."

काकूने मान हलवली. चार दिवस खड्डा तग धरील, असे ती मला म्हणाली. काठी घालून पाहता येत नव्हते, म्हणून तिने फक्त तर्क केला.

दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याच्या बाजूने वरपक्षाचा माणूस आला. नवरदेवाचे आजोबा वारले होते. वर्ष पाळायचे नाही, पण सुतक फिटल्यावर ज्येष्ठातला मुहूर्त धरू, असा निरोप होता. नानांनी मांडवाचे कापड उतरवले. मेढी, म्हणजे मांडवाचे खांब, तशाच राहिल्या, आणि अक्काही लग्नापर्यंत राहिली.

उकरडीचे काय, हे कोणी विचारले नाही. विचारण्यासारखे काही नव्हते. लग्न मोडलेले नव्हते, म्हणून उठवता येत नव्हती. लग्न लागलेले नव्हते, म्हणूनही उठवता येत नव्हती.

त्या वैशाखात ऊन फार होते. दुपारी पत्र्याला हात लावता येत नसे. विहिरीचे पाणी खाली गेले आणि मोट दिवसातून एकदाच चाले. काकू रोज सकाळी कुडाच्या अलीकडे, अक्काने आखून दिलेल्या अंतरावर, उभी राहून खड्ड्याकडे पाही. वरचा थर सुकून फुटला होता. भेगांतून तिखट वास येऊ लागला, डोळ्यांत झोंबणारा.

तिने एक उपाय केला. म्हैस धुण्याची जागा बदलली. खड्ड्याच्या वरच्या अंगाला, चढावर, ती म्हैस बांधू लागली. म्हैस धुतली की पाणी उतारावरून एका बारीक चरातून खड्ड्याच्या कडेला पोचे. खड्ड्याला हात नाही, फावडे नाही, आणि ती स्वतः आखलेल्या अंतराच्या बाहेरच. दोन दिवस हे चालले. तिसऱ्या दिवशी नानांनी चरात ढेकळे टाकून पायाने दाबली. मी तिथेच होतो.

"उकरडीवर म्हैसनं पानी?" नाना मला म्हणाले. "सांगी दे तिले."

काकू म्हशीच्या पलीकडे उभी होती. पदर पुढे होता. ती मला म्हणाली, "नानास्ले सांग, पानी उतारवर जास. म्हैसनं काय, मानूसनं काय."

"तिले सांग, उतार मी बुजी टाका."

दोन्ही बाजूंनी मला सांगितलेले दोघांनीही ऐकले होते. काकूने म्हैस सोडून जुन्या जागी बांधली.

नानांच्या मनात काय होते याबद्दल दोन मते होती. माझी आई म्हणे, त्यांना तुकडा हवा आहे, खत जळले तर त्यांचे काम आपोआप होते. आबा म्हणत, मुलीचे लग्न अडले आहे, बापाचा जीव थाऱ्यावर नाही, त्याला भीती वाटते. दोन्ही खरे असू शकते. नानांनी स्वतः याबद्दल कधी काही सांगितले नाही.

नवरी मुलगी या सगळ्यात घरीच बसून होती. ठरलेले लग्न पुढे गेलेल्या मुलीने गावाची शीव ओलांडायची नाही, म्हणून तिला मैत्रिणीकडेही जाता येत नव्हते. एकदा जेवताना ती म्हणाली, "अक्का, माले बी त्या खड्डामा टाका. लगीन लागस तवलोंग मी बी कुजी जासू." बायका हसल्या. अक्का म्हणाली, "तोंड आवर, पोरी," पण तीही हसली होती. काकू हसली नाही. ती वाढत होती.

त्यानंतर धूर निघाला.

पहिल्यांदा आमच्या मोठ्या वहिनीने पाहिला, ती गोठ्यात शेण काढायला गेली होती. ती ओरडत आली. आम्ही गेलो तेव्हा खड्ड्याच्या मधोमध, जिथे बोळकी पुरली होती त्याच्या जवळून, पांढरट धूर सरळ वर जात होता. तो धूर होता की वाफ, हे नक्की सांगता येत नाही. पहाटेची वाफ उन्हाबरोबर थांबते. हा ऊन चढल्यावरही थांबला नाही.

शेजारपाजार जमला. उकरडी कोपली, असे कोणीतरी म्हटले आणि ते सगळ्यांच्या तोंडी झाले. नाना मेढीला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. आबा खड्ड्याच्या कडेपर्यंत गेले आणि परत आले. आत पाणी ओता, असे म्हणायला कोणी धजले नाही, कारण विझवणे म्हणजे उठवणे की नाही याचा निकाल फक्त अक्का देऊ शकत होती, आणि अक्काने तो अजून दिला नव्हता.

काकू आखलेल्या अंतरावर आली. तिच्या पुढे अक्का, अक्काच्या डावीकडे आबा आणि नाना. ती अक्काशी बोलली. आवाज मोठा होता.

"अक्का, हाई जयी गयं तर मना तुकडा गया. मी मना तुकडा मांगत नही. तुम्हले एकच इचारस. तुम्हीच बोलनात ना, जुना उकल्डा गया तठे उकरडी गयी?"

"बोलनू," अक्का म्हणाली.

"तो उकल्डा कोन लई गयं? मी लई गऊ. मना टोपलामा, मना डोकावर. टोपलामा गयी ती टोपलामा काबरं येवाव नही?"

मग नाना बोलले. या वेळी त्यांनी निरोप्या घेतला नाही, पण काकूकडे पाहिलेही नाही. ते सगळ्यांना उद्देशून बोलले.

"आयकं? सोता कबूल करी ऱ्हायनी! पांढरा कपायवर देवी वाही लई गयी. मंग तथानं मानूस मरी नही त काय व्हई?"

जमलेल्या बायकांपैकी दोघीतिघी मागे सरल्या. हे बोलणे तेवढ्यावर राहिले असते तर काय झाले असते, हे गावात कोणालाही सांगावे लागले नसते. विधवेच्या डोक्यावरून देवी गेली आणि सोयऱ्यांच्या घरी मृत्यू झाला, ही गोष्ट एकदा दोंडाईच्यापर्यंत पोचली की लग्न पुन्हा जुळणे अवघड होते. आणि मग तुकड्याचा प्रश्न लहान ठरला असता. काकूला त्या घरात राहणेच कठीण झाले असते. नानांना ते बोलून गेल्यावर कळले असावे. त्यांनी आबांकडे पाहिले.

अक्का नानांकडे वळली.

"तो म्हतारा दिवाईपाईन खाटलावर व्हता. तठे कोन टोपलं लिसन गयथं?"

नाना आबांच्या मागे सरकले.

"आनि उकल्डा उचलाले कोनी सांगं व्हतं? तिनी इचारं व्हतं का तू सांगं व्हतं?"

"मांडवले जागा पाहिजे व्हती," नाना म्हणाले.

"हां. म्हंजे देवीले तूच उठाडं. मी मांगून उनू, उकल्डा जठे गया तठे मी तिले बसाडं." अक्का जमलेल्या बायकांकडे वळली. "आठे जे बोलनं गयं ते आठेच ऱ्हाई. ज्यानी पोर उजवानी शे त्यानी ध्यानमा ठेवा." तिथल्या बहुतेक घरांत लग्नाच्या मुली होत्या.

मग तिने आबांना विचारले. आबा म्हणाले, "तू सांगशी तसं."

निकाल असा झाला. उकरडी उठवायची नाही. ती लग्नाचीच राहील. फक्त जागा बदलायची. जिच्या लग्नासाठी ती बसली आहे तिनेच तिला उचलायचे. नवरीला बोलावले. पाच सुवासिनींनी खड्ड्याच्या कडेला हळदकुंकू वाहिले. मुलीने बोळक्याभोवतीचे खत हातांनी उकरले. ते इतके गरम होते की तिने दोनदा हात मागे घेतले. मग पदराचे टोक गुंडाळून तिने बोळकी आणि भोवतालचे ओंजळभर खत नव्या टोपलीत घातले आणि टोपली डोक्यावर घेतली.

"नवरदेवना आधी उकल्डाच डोकावर उना," ती म्हणाली.

या वेळी नानाही हसले. बायकांनी गाणे सुरू केले. टोपली मांडवाच्या जागी, मेढीच्या बुंध्याशी नेऊन ठेवली. मिरवणूक गोठ्याआड गेली तशी काकू पुढे आली. फावडे तिने आधीच आणून ठेवले होते.

खड्डा उलटायला दुपार झाली. नवीन लागलेला सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, आणि मी असे दोघे तिच्याबरोबर होतो. वरचा हातभर थर कोरडा होता. त्याखाली खत पांढरे पडले होते, फावड्यावर घेतले की राखेसारखे उडे. मध्ये एके ठिकाणी पऱ्हाट्यांचे तुकडे कोळशासारखे काळे होते. विस्तव दिसला नाही. खड्ड्याच्या दोन्ही टोकांना आणि तळाशी मात्र ओल होती. म्हशीचे पाणी दोन दिवस ज्या कडेला पोचले होते तिथले खत सर्वांत चांगले होते. काळे, भुसभुशीत, पऱ्हाटीचा तुकडा बोटांनी मोडणारा.

काकूने पांढरे आणि काळे वेगळे काढले. काळे पुन्हा खड्ड्यात भरून, आबांनी सोडलेल्या एका मोटेच्या पाण्याने भिजवून झाकले. पांढरे बाहेर ढिगाने राहिले. अंदाजाने अर्धे अर्धे होते.

लग्न ज्येष्ठात ठरल्या मुहूर्तावर लागले. वरपक्षाच्या कोणी काही विचारले नाही. उकरडी मेढीच्या बुंध्यापासून उठवली. अक्का दुसऱ्या दिवशी पाचोऱ्याला गेली.

मृग लागण्याआधी काकूने खत शेतात नेले. काळे खत सगळ्या तुकड्याला पुरेल असे नव्हते. मी म्हणालो, सगळीकडे पातळ टाक. ती म्हणाली, "पातय टाकं तर बठ्ठाच जाई." तिने काळे खत नदीकडच्या अर्ध्या भागात दाट पसरवून नांगरून घेतले. पांढरे गावाकडच्या अर्ध्यात टाकले, ते असून नसल्यासारखे होते. दोन्हीकडे बाजरी पेरली.

गावाकडच्या भागात पापुद्रा धरला. काकू आणि तिने लावलेली एक मजूर बाई काठीने तो फोडत होत्या, पण कोंब थोडेच वर आले आणि तेही टिकले नाहीत. नदीकडच्या भागात पापुद्रा धरला नाही. तिथली बाजरी श्रावणात गुडघ्याच्या वर होती.

भाद्रपदात आबा, नाना, पूर्वी बसलेल्या चार माणसांपैकी दोघे आणि मी तुकड्यावर गेलो. काकू बांधावर उभी होती. पाहणी करायला फार वेळ लागला नाही. अर्धा तुकडा पिकलेला आणि अर्धा पडीत, हे लांबूनही दिसत होते. नाना म्हणाले, अट पूर्ण तुकड्याची होती. त्या दोघांपैकी एक म्हणाला, जे पिकले ते पिकले नाही असे कसे म्हणता येईल. आबांनी निर्णय दिला: "जितलं उगनं तितलं तिनं. बाकी सामाईक. दसरा झाया की दगड रोवसूत."

काकू मला म्हणाली, "आबास्ले सांग, दगड आतेच रोवा. मना समोर."

"तिले सांग, घाई काय शे?"

"दसरालोंग बाजरी कापाई जाई. मंग कोठलोंग उगनी व्हती, ते कोन सांगी?"

आबांनी सालदाराला दगड आणायला पाठवले.

पहिला दगड कुठे रोवायचा यावर पुन्हा अडले. दाट बाजरीच्या बाहेर दोन ओळी खुरटलेल्या होत्या. कणसे बोटाएवढी. नाना त्या ओळींच्या आत उभे राहिले आणि टाचेने खूण केली. "हाई काय बाजरी शे का?"

काकू बांधावरून खाली आली. सगळ्यांच्या मधून चालत जाऊन तिने बाहेरच्या ओळीतले एक कणीस मोडले, तळहातांत चोळले, फुंकर घालून भूस उडवले. तळहात माझ्यापुढे धरला. मी ते दाणे आबांना दिले. आबांनी ते तोंडात टाकले आणि चावले. त्याला थोडा वेळ लागला.

"दाना शे," आबा म्हणाले.

दगड त्या दोन ओळींच्या बाहेर रोवला गेला. दुसरा समोरच्या बांधाशी, त्याच्या रेषेत. नाना दुसऱ्या दगडाला थांबले नाहीत. गावाकडचा अर्धा तुकडा सामाईकात गेला आणि त्या वर्षी नानांच्या बैलांनी नांगरला गेला.

कार्तिकात साप्ताहिक पुन्हा सुरू झाले आणि मी धुळ्याला परत गेलो. निघालो त्या दिवशी वाटेत तुकड्यावर थांबलो. काकू तिथे होती. बाजरी कापून झाली होती. दगडांच्या आतल्या अंगाला, नदीकडच्या कोपऱ्यात, तिने मजुराकडून खड्डा खणून घेतला होता आणि त्यात पहिला थर पडलेला होता.